फटका हुकण्याचे मूल्य

१

खेळाडूच्या यशाची मोजदाद करणे सोपे असते; त्याच्या अपयशाची मोजदाद करणे मात्र कठीण असते. फलंदाजाने किती धावा काढल्या हे धावफलक पाहून कोणासही सांगता येते. परंतु तो कोणत्या प्रकारे बाद झाला, किती चेंडू त्याच्या बॅटीस न लागता निघून गेले, या गोष्टींना त्याच्या मूल्यमापनात स्थान द्यावयाचे की नाही, आणि द्यावयाचे तर किती, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या अभ्यासकांनी त्याचा अनेक दशके कीस पाडला आहे. तेथे तो ‘स्ट्राइकआउट’ या एका शब्दाभोवती फिरतो. फलंदाजाचे तीन फटके हुकले की तो बाद होतो. अशा रीतीने वारंवार बाद होणारा फलंदाज कमी योग्यतेचा मानावा काय, असा तो वाद आहे.

हा वाद मराठी वाचकास परका वाटण्याचे कारण नाही. बीड येथे ११ ऑक्टोबर १९७२ रोजी जन्मलेले संजय बांगर यांनी २००२ च्या ऑगस्ट महिन्यात लीड्सच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध सलामीस येऊन २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या. या सर्व धावा एकेरी होत्या असे मानले तरीही किमान १६८ चेंडूंवर त्यांना एकही धाव मिळाली नव्हती. केवळ हुकलेल्या व अडवलेल्या चेंडूंची यादी करणारा हिशेबनीस या खेळीस कमी गुण देईल. भारताने मात्र तो सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला, आणि त्या विजयाचा पाया ज्या भागीदारीने घातला तीत बांगर यांचा मोलाचा वाटा होता. तेव्हा निष्फळ चेंडूंची किंमत कशी ठरवावी, हा प्रश्न बीडच्याही अंगणातला आहे.

२

तीन वेळा हुकल्यावर बाद होण्याची कल्पना महाराष्ट्रातील मुलांना बेसबॉलचे नाव कानी पडण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. विटीदांडूच्या खेळात विटीच्या टोकावर दांडूने आघात करून ती उडवावयाची व हवेत असतानाच टोलवावयाची असते. गावोगावचे नियम थोडेफार भिन्न असले तरी यासाठी तीन संधी देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिन्ही हुकल्या की गडी बाद. विटी झेलली गेली तरीही गडी बादच. म्हणजे हुकून बाद होणे व टोला मारून झेलबाद होणे हे दोन्ही प्रकार या खेळात पूर्वापार शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

भाषेच्या अभ्यासकास या खेळात आणखीही काही सापडते. दांडूने अंतर मोजताना मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी गणना करतात. हे शब्द तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ या संख्यावाचकांशी उघडच नाते सांगतात. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावरून पुढचा टोला कोणत्या रीतीने मारावयाचा हे ठरते. म्हणजे येथे संख्येचे नाव हे केवळ परिमाण राहात नाही. ते खेळातील एका स्थितीचे नाव बनते. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठी, उर्दू, तेलुगू व कन्नड या भाषा त्या राज्यात एकत्र वावरत असत. तेथील वाचकास या शब्दांचे नवल कमी वाटेल. ज्या मुलांना तेलुगू येत नाही त्यांच्या तोंडी ते शब्द आजवर टिकले, याचे कारण खेळाच्या रचनेत त्या प्रत्येकास नेमून दिलेले काम आहे. शब्दाचे मूल्य त्याच्या उगमात नसून व्यवस्थेतील त्याच्या कामात असते, हा सिद्धांत पुढील विवेचनातही उपयोगी पडणारा आहे.

‘बाद’ हा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे. अर्ज बाद होतो, मत बाद होते, नाणे चलनातून बाद होते, हिशेबातून रक्कम बाद केली जाते. त्याच अर्थाने गडी बाद होतो. या शब्दात दोष नाही, निंदा नाही. केवळ वजाबाकी आहे. परंतु बाद होण्याचे प्रकार सांगण्यासाठी मराठी क्रीडावृत्तांनी जे शब्द घडविले त्यांचा रंग निराळा आहे. ‘त्रिफळाचित’, ‘पायचित’, ‘यष्टिचित’ यांतील ‘चित’ हा कुस्तीच्या आखाड्यातून आलेला असून त्यात पाठ मातीस लागलेल्या मल्लाचे चित्र आहे. ‘झेलबाद’ हा त्यामानाने सौम्य शब्द होय. फलकावर दोन्हींचे फळ एकच असते, एक गडी कमी होणे. पण त्रिफळा उडालेला फलंदाज अधिक हरला असे ऐकणारास वाटते.

इंग्रजीतही असेच घडले आहे. एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक या मूळच्या इंग्लंडमधील पत्रकाराने बेसबॉलची नोंदपद्धती घडविली, आणि तीत तीन फटके हुकून बाद होण्यास ‘के’ हे अक्षर दिले. ‘स्ट्रक’ या शब्दाचे ते शेवटचे अक्षर आहे. बाद होण्याच्या या एका प्रकारास स्वतंत्र अक्षर मिळाले, त्याची बेरीज वर्षानुवर्षे छापली जाऊ लागली, आणि ज्याची बेरीज छापली जाते त्यास महत्त्व असलेच पाहिजे अशी समजूत दृढ झाली. नावाने वेगळे केलेले अपयश मोठे दिसते. ते खरोखरच मोठे आहे काय, हे मात्र नावावरून ठरत नाही. त्यासाठी हिशेबच मांडावा लागतो.

३

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात व प्रत्येक डाव तीन गडी बाद होईपर्यंत चालतो. म्हणजे एका सामन्यात संघाजवळ एकूण सत्तावीस गड्यांचे भांडवल असते. फलंदाजाने चेंडू टोलवून पहिला, दुसरा व तिसरा हे टप्पे ओलांडून मूळ जागी परतावे म्हणजे एक धाव होते. कोणत्याही क्षणी किती गडी बाद आहेत व कोणत्या टप्प्यांवर धावक उभे आहेत, यावरून त्या डावात येथून पुढे सरासरीने किती धावा होतील याचा अंदाज हजारो सामन्यांच्या नोंदींवरून काढता येतो. या दिशेने पहिला मोठा प्रयत्न जॉर्ज लिंडसे या कॅनडातील संशोधकाने केला. त्याचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीचा सारांश असा की, प्रत्येक घटनेची किंमत म्हणजे ती घडण्यापूर्वीची अपेक्षा व घडल्यानंतरची अपेक्षा यांतील फरक होय.

२०१० ते २०१५ या काळातील अमेरिकी मुख्य साखळीचे आकडे ढोबळमानाने घेऊन एक उदाहरण पाहू. पहिल्या टप्प्यावर धावक आहे व कोणीही बाद नाही, अशा स्थितीत अपेक्षित धावा सुमारे ०.८६ असतात. फलंदाजाचे तिन्ही फटके हुकले तर धावक तेथेच राहतो, एक गडी बाद होतो, आणि अपेक्षा ०.५१ वर येते, तोटा ०.३५ धावांचा. आता समजा, त्याने चेंडू जमिनीलगत टोलवला व क्षेत्ररक्षकांनी धावक आणि फलंदाज या दोघांनाही बाद केले. मग टप्पे रिकामे व दोन गडी बाद, अशी स्थिती उरते. तिची अपेक्षा केवळ ०.१० असते. तोटा ०.७६ धावांचा, म्हणजे हुकण्याच्या दुपटीहूनही अधिक. येथे चेंडूस बॅट लागली हेच महाग पडले.

याच्या उलट स्थिती घेऊ. धावक तिसऱ्या टप्प्यावर आहे व एक गडी बाद आहे. अपेक्षा सुमारे ०.९५. फटके हुकून फलंदाज बाद झाला तर ती ०.३५ वर उतरते; तोटा ०.६०. परंतु त्याने उंच व दूर टोला मारला, तो झेलला गेला, आणि झेल होताच धावक मूळ जागी धावत आला, तर एक धाव पदरात पडते व शिवाय ०.१० ची अपेक्षा उरते. म्हणजे बाद होऊनही संघास ०.१५ धावांचा लाभ झाला. या स्थितीत हुकणे व झेलबाद होणे यांमध्ये पाऊण धावेचे अंतर पडते.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, स्ट्राइकआउटची किंमत स्थितीनुसार बदलते. कधी ती अन्य प्रकारे बाद होण्याहून अधिक असते तर कधी कमी. सर्व स्थितींची सरासरी काढली म्हणजे हे चढउतार बहुतांशी एकमेकांस खाऊन टाकतात. स्ट्राइकआउट हा इतर बाद होण्यापेक्षा किंचित् महाग ठरतो खरा; पण तो फरक धावेच्या दोन-तीन शतांशांपलीकडे फारसा जात नाही. एखादा फलंदाज हंगामात दुसऱ्यापेक्षा शंभर वेळा अधिक हुकून बाद झाला, आणि दुसरा तितक्याच वेळा अन्य रीतीने बाद झाला, तर पहिल्यामुळे संघाचे नुकसान दोन-तीन धावांचे होते. एका होमरनची सरासरी किंमत सुमारे १.४ धावा धरली जाते. म्हणजे शंभर स्ट्राइकआउटांचा वेगळा दोष दोन होमरनांनी फिटतो.

४

या निष्कर्षावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारार्ह आहे. चेंडू मैदानात टोलवला तर तो दर दहा वेळांतून सुमारे तीन वेळा क्षेत्ररक्षकांच्या हाती न लागता फलंदाजास टप्पा मिळवून देतो. हुकलेल्या चेंडूस अशी संधीच नसते. मग हुकणे आणि टोलवणे यांत नगण्य फरक आहे असे कसे म्हणता येईल?

आक्षेपातील विधान बरोबर आहे. त्यातून काढलेले अनुमान मात्र चुकीचे आहे. वरील तुलना हुकणे व टोलवणे यांची नाही. हुकून बाद होणे आणि टोलवून बाद होणे यांची आहे. टोलवलेल्या चेंडूंपैकी जे तीन यशस्वी झाले ते फलंदाजाच्या खात्यात यशाच्या बाजूस आधीच जमा झालेले असतात. जो वारंवार हुकतो त्याच्या खात्यात अशी यशे कमी जमतात, आणि तेवढ्याने त्याचे मूल्य कमी झालेलेच असते. ती यशे मोजून झाल्यावर पुन्हा स्ट्राइकआउटांसाठी वेगळी वजावट करणे म्हणजे एकच रक्कम दोनदा खर्ची टाकणे होय. वाद घालणारे दोन्ही पक्ष पुष्कळदा हा भेद विसरतात. एक पक्ष म्हणतो, हुकणे वाईट आहे; ते खरे आहे. दुसरा म्हणतो, इतर सर्व काही मोजल्यावर हुकणे पुन्हा मोजू नये. तेही खरे आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत.

२०२२ सालचे अमेरिकन लीगमधील दोन फलंदाज या बाबतीत बोधप्रद आहेत. लुईस अराएझ याने ०.३१६ सरासरी राखून त्या वर्षीचा फलंदाजीचा किताब मिळविला. तो ४३ वेळा हुकून बाद झाला व त्याने ८ होमरन मारले. ॲरन जज याची सरासरी ०.३११ होती, तो १७५ वेळा हुकून बाद झाला, परंतु त्याने ६२ होमरन मारून त्या लीगचा विक्रम केला. सरासरी जवळजवळ समान, स्ट्राइकआउट चौपट, आणि तरीही त्या वर्षीचा सर्वांत मूल्यवान खेळाडू म्हणून जजची निवड झाली. बेब रूथ १९३५ साली निवृत्त झाला तेव्हा ७१४ होमरन व १३३० स्ट्राइकआउट अशा दोन्ही याद्यांत त्याचे नाव पहिले होते. पूर्ण ताकदीने बॅट फिरविणारा फलंदाज जेव्हा गाठतो तेव्हा दूरवर गाठतो, आणि जेव्हा हुकतो तेव्हा पूर्णपणे हुकतो. दोन्ही एकाच वृत्तीची फळे आहेत.

तथापि यावरून हुकणे हा गुण आहे, असे अनुमान काढणे तितकेच चुकीचे होईल. जो डिमॅगिओ याने आपल्या कारकीर्दीत ३६१ होमरन मारले आणि तो केवळ ३६९ वेळा हुकून बाद झाला. ताकद व अचूकता एकत्र असू शकतात. त्या एकत्र क्वचित् आढळतात एवढेच. अमेरिकी मुख्य साखळीत २०१८ साली स्ट्राइकआउटांची एकूण संख्या ४१,२०७ झाली व यशस्वी फटक्यांची ४१,०१८. हुकण्यांनी फटक्यांस मागे टाकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. प्रत्येक फलंदाजाने आपापल्या हिशेबाने शहाणपणाचा मार्ग पत्करला, आणि सर्वांच्या शहाणपणातून प्रेक्षकांस मात्र कमी खेळ पाहावयास मिळू लागला. फलंदाजाचे संघास असलेले मूल्य व खेळाचे पाहणाऱ्यास असलेले मूल्य या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

५

क्रिकेटमध्ये हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. बेसबॉलमध्ये दोन फटके हुकण्यास दंड नाही, तिसरा हुकला की शिक्षा. क्रिकेटमध्ये यष्टी शाबूत आहेत तोवर कितीही चेंडू हुकले तरी फलंदाज उभा राहू शकतो. म्हणून स्ट्राइकआउटचे क्रिकेटमधील जवळचे नातलग दोन आहेत: एक त्रिफळा, दुसरा निर्धाव चेंडू. त्रिफळ्याचा निकाल सोपा आहे. फलंदाजाची सरासरी काढताना त्रिफळाचित व झेलबाद यांत कोणीही भेद करीत नाही. निर्धाव चेंडूचा निकाल मात्र सामन्याच्या प्रकारावर अवलंबून असतो.

७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकातील पहिला दिवस होता. इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल भारताच्या ३ बाद १३२ झाल्या, व भारत २०२ धावांनी हरला. त्या डावात सुनील गावसकर आरंभापासून शेवटपर्यंत नाबाद राहिले. १७४ चेंडूंत त्यांनी ३६ धावा केल्या. म्हणजे किमान १३८ चेंडू निर्धाव गेले. संघास मिळालेल्या ३६० चेंडूंपैकी जवळजवळ निम्मे त्यांनी एकट्यांनी खेळले. ते बाद झाले नाहीत, म्हणून त्यांची सरासरी घटली नाही, उलट वाढलीच. परंतु डावाच्या अखेरीस भारताचे सात गडी शिल्लक होते आणि त्या शिल्लक गड्यांचा उपयोग शून्य होता. संपले होते ते चेंडू.

आता लीड्सचा २००२ चा कसोटी सामना पाहू. लॉर्ड्सवरील पहिली कसोटी भारत हरला होता व दुसरी अनिर्णित राहिली होती. वसीम जाफर यांच्या जागी बांगर सलामीस आले. १५ धावसंख्येवर पहिला गडी बाद झाला. त्यानंतर बांगर व राहुल द्रविड यांनी १७० धावांची भागीदारी केली. बांगर बाद झाले तेव्हा धावसंख्या १८५ होती. पुढे द्रविड १४८, सचिन तेंडुलकर १९३ व सौरव गांगुली १२८ अशा खेळ्या झाल्या आणि भारताने ८ बाद ६२८ वर डाव घोषित केला. वेगवान गोलंदाजांस साह्य करणाऱ्या त्या मैदानावर नवा चेंडू जुना करण्याचे, गोलंदाज थकविण्याचे काम त्या १६८ वा अधिक निर्धाव चेंडूंनी केले. पाच दिवसांच्या सामन्यात चेंडूंचा साठा विपुल असतो. गडी मात्र डावास दहाच. म्हणून तेथे निर्धाव चेंडूची किंमत अल्प व गड्याची किंमत मोठी.

गावसकरांचे १३८ आणि बांगर यांचे १६८ हे आकडे एकाच जातीचे दिसतात. दोघांच्याही तंत्रात त्या दिवशी सारखाच संयम होता. एकाचे निर्धाव चेंडू संघास महाग पडले आणि दुसऱ्याचे उपयोगी पडले, याचे कारण चेंडूंत नाही. त्या खेळप्रकाराने कोणती वस्तू दुर्मीळ केली आहे यात आहे. बेसबॉलमध्ये दुर्मीळ आहेत ते सत्तावीस गडी. कसोटीत दुर्मीळ आहेत गडी व काही अंशी वेळ. मर्यादित षटकांत दुर्मीळ आहेत चेंडू. जे दुर्मीळ आहे ते वाया घालविणे हेच खरे अपयश. स्ट्राइकआउट व झेल दोन्ही एकच गडी खर्च करतात, म्हणून त्यांचे मूल्य जवळजवळ समान ठरते.

६

फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने मूल्य ही संकल्पना बुद्धिबळाच्या दाखल्याने विशद केली आहे. घोड्याची सोंगटी हरवली तर तिच्या जागी कोणतीही वस्तू ठेवता येते. त्या वस्तूस घोड्याची चाल बहाल केली की ती घोडाच होय. पटाबाहेर सोंगटीस मूल्य नाही. भाषेतील चिन्हाचेही असेच आहे: त्याचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून व संबंधातून निष्पन्न होते.

खेळातील घटनांसही हे तत्त्व लागू पडते. ‘हुकलेला फटका’ या वस्तूस स्वतंत्र मूल्य नाही. पहिल्या टप्प्यावर धावक असताना तिचे मूल्य एक, तिसऱ्यावर असताना दुसरे. कसोटीत एक, मर्यादित षटकांत दुसरे. क्षेत्ररक्षण कच्चे असेल तर आणखी निराळे. महाराष्ट्रातील शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल व सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ खेळले जातात. ओबडधोबड मैदानावर, नवख्या क्षेत्ररक्षकांसमोर, कसाही टोलवलेला चेंडू दहांतून तिनांहून कितीतरी अधिक वेळा यशस्वी होतो. कोणी चेंडू सोडतो, कोणी भलतीकडे फेकतो. तेथे हुकणे हे फार मोठे नुकसान असते. म्हणून शाळेतील प्रशिक्षक ‘काहीही कर, पण चेंडूला बॅट लाव’ असे मुलांना बजावतो तेव्हा तो चुकत नाही. मुख्य साखळीचा अभ्यासक स्ट्राइकआउटकडे दुर्लक्ष करा म्हणतो तेव्हा तोही चुकत नाही. एका पटावरील किंमत दुसऱ्या पटावर नेणारा मात्र चुकतो.

७

येथवरचा हिशेब झालेल्या खेळाचा होता. परंतु मूल्यमापनाचा आणखी एक हेतू असतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या तरुण खेळाडूस त्याचाच संबंध अधिक येतो. निवड चाचणीत निवडसमितीस झालेल्या धावांचा जमाखर्च नको असतो. हा मुलगा पुढे काय करील, याचे भाकीत हवे असते. जमाखर्च व भाकीत यांची साधने एक नाहीत.

या बाबतीत बेसबॉलच्या नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली आहे. फलंदाजाची सरासरी स्थिर होण्यास शेकडो संधी लागतात. टोलवलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो की दोघांमधून निसटतो यात दैवाचा वाटा मोठा असतो. हुकण्याचे प्रमाण मात्र साठेक संधींतच बरेचसे स्थिर होते, कारण त्यात क्षेत्ररक्षक नाही, मैदान नाही. चेंडू टाकणारा व फलंदाज एवढेच आहेत. म्हणून झालेल्या हंगामाचा हिशेब करताना जे प्रमाण जवळजवळ निरुपयोगी ठरते, तेच अपरिचित खेळाडूची पारख करताना उपयोगी पडते. मूल्य म्हणून स्ट्राइकआउट क्षुद्र आहे. लक्षण म्हणून तो बोलका आहे. वैद्यास ताप महत्त्वाचा वाटतो तो रोग म्हणून नव्हे, रोगाची खूण म्हणून.

परंतु साठ संधी म्हणजेही थोड्या नव्हेत. मोठ्या शहरातील मुलास त्या एका हंगामात मिळतात; आडवळणाच्या तालुक्यातून चाचणीस आलेल्या मुलास पुष्कळदा वीस-पंचवीस चेंडूच मिळतात. त्यांतले तीन हुकले, एकदा त्रिफळा उडाला, की पाहणाऱ्याच्या मनात ते चित्र ठसते. ‘चित’ या शब्दातील सारा पराभव त्या मुलास चिकटतो. जे अपयश डोळ्यांस अधिक खुपते ते अधिक मोठे मानण्याची ही प्रवृत्ती खेळाडूवर अन्याय करते, आणि तो अन्याय ज्यास कमी संधी मिळते त्याच्या वाट्यास अधिक येतो. पंचवीस चेंडूंवरून निवडकर्त्याने फार तर एवढेच म्हणावे की, याला अधिक चेंडू खेळवून पाहिले पाहिजे.

बीडचाच एक तरुण फलंदाज येथे आठवतो. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला. २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली. तेथून सचिन धस व कर्णधार उदय सहारन यांनी १७१ धावांची भागीदारी केली. धस यांनी ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या, सहारन यांनी १२४ चेंडूंत ८१. भारताने सात चेंडू व दोन गडी राखून सामना जिंकला. षटकामागे पाच धावांहून कमी गती पुरेशी होती, व गडी मात्र झपाट्याने संपले होते. म्हणून मर्यादित षटकांचा सामना असूनही त्या दिवशी सहारन यांच्या संथपणास किंमत आली, आणि तो संथपणा परवडावा म्हणून धस यांच्या गतीस. एकाचे मूल्य दुसऱ्यावाचून सांगता येत नाही.

८

सारांश, स्ट्राइकआउटला महत्त्व आहे काय, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. कारण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. झालेल्या खेळाचा हिशेब करावयाचा असेल तर यश मोजून झाल्यावर त्यास फारसे स्थान उरत नाही. विशिष्ट क्षणी काय करावे हे ठरवावयाचे असेल तर ते पूर्णपणे त्या क्षणाच्या स्थितीवर अवलंबून आहे. पुढचे भाकीत करावयाचे असेल तर ते एक चांगले लक्षण आहे, परंतु पुरेशा संधी दिल्यानंतरच. यांपैकी कोणता प्रश्न आपण विचारीत आहोत हे न ठरविता दिलेले उत्तर बरोबर असले तरी निरुपयोगी ठरते. विटीदांडूतील मुले याबाबत अधिक स्पष्ट असतात. हुकला काय नि झेलला गेला काय, गडी बाद म्हणून ती पुढच्याच्या हाती दांडू देतात. पण नवीन मुलगा खेळावयास आला की त्याला आधी दोन-चार टोले मारू देतात, आणि मगच कोणत्या बाजूस घ्यावयाचे ते ठरवितात.